बाई, किती ओळी सोडू?

सातवीच्या वर्गात फळ्यावर धड्याचं नाव लिहून मी मागे वळले की पहिला प्रश्न धड्याबद्दलचा कधीच नसतो. "बाई, नवीन पानावर लिहू?" "बाई, किती ओळी सोडू?" "आकृती पेन्सिलीनं की पेननं?" "समास आखायचा का?" एकदा गंमत म्हणून मी तासभर अशा प्रत्येक प्रश्नाला फळ्याच्या कोपऱ्यात खडूची एक रेघ मारत गेले. तास संपला तेव्हा एकवीस रेघा झाल्या होत्या. धड्याबद्दलचे प्रश्न आले दोन. त्यातला एक होता, "हे परीक्षेला येणार का?"

ही मुलं बारा-तेरा वर्षांची. घरात मोठ्यांच्या फोनमधलं काही बिनसलं की तेच नीट करून देतात. धाकट्या भावंडांना सांभाळतात. मैदानावर पंच नसताना बाद झाला की नाही यावरचं भांडण आपसांत मिटवून खेळ पुढे नेतात. मग वर्गात शिरताना दप्तराबरोबर डोकंही खुंटीला टांगतात की काय? बरीच वर्षं मी याचा दोष मुलांना देत आले. मग एके दिवशी वह्यांचा गठ्ठा तपासताना माझेच जुने शेरे दिसले. लाल पेननं, ठळक: "दोन ओळी सोड." "तारीख उजवीकडे." "नवीन पान घे." एकवीसमधल्या निम्म्या रेघा माझ्या नावावर टाकायला हव्या होत्या.

शिक्षकांच्या खोलीत या विषयावर दोन तट असतात. एकाचं म्हणणं, या वयात जरा ढील दिली की पोरं डोक्यावर बसतात. दुसऱ्याचं म्हणणं, मुलांना मोकळं सोडा, ती आपली आपण शिकतात. चहा निवेपर्यंत भांडण चालतं आणि घंटा झाली की दोन्ही बाजू आपापल्या वर्गात जाऊन कालचंच करतात. मी दोन्ही तटांवर राहून पाहिलं आहे. आता वाटतं की दोघांनी हातात एकच मोजपट्टी धरली आहे: शिस्त किती, मोकळीक किती. या पट्टीवर सरकत राहिलं की हाती तडजोड तेवढी येते. मुलांच्या दिवसात शेकडो निर्णय असतात. त्यातला कुठला कुणाचा आणि तो कधी हातात द्यायचा, हे ठरवल्याशिवाय ढिलाई आणि कडकपणा दोन्ही आंधळेच.

यावर एक जुना प्रयोग मला फार बोलका वाटतो. १९३०च्या दशकाच्या शेवटी आयोवा विद्यापीठात कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे छंदगट चालवले. मुखवटे बनवण्यासारखी हातकामं होती, आणि म्होरके तीन तऱ्हांचे. पहिला सगळं स्वतः ठरवायचा: काय करायचं, कुणी कुणाबरोबर करायचं. पुढची पायरी तो आधी सांगायचाही नाही. एक झाली की दुसरी. दुसरा मुलांबरोबर बसून ठरवायचा, पण कामाचा सगळा आराखडा सुरुवातीलाच समोर मांडायचा आणि कुणी अडलं तर दोन-तीन वाटा सुचवायचा. तिसरा सामान देऊन बाजूला व्हायचा. विचारलं तर सांगेल, नाहीतर नाही. १९३९ साली त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. तिसऱ्या म्होरक्याच्या गटात काम सगळ्यांत कमी झालं, आणि जे झालं तेही सुमार.

खरी गंमत मात्र पहिल्या दोन गटांत आहे. म्होरका मधूनच मुद्दाम खोलीबाहेर जायचा. तो बाहेर पडला की हुकमाच्या गटातलं काम धाडकन कोसळायचं. दुसऱ्या गटात फारसा फरक पडायचा नाही.

हा प्रयोग आपल्याकडे आपोआप होत असतो. त्याला ऑफ तास म्हणतात. एखाद्या शिक्षकाच्या वर्गाबद्दल मत बनवायचं असेल, तर तो शिक्षक रजेवर असताना वर्गावरून चक्कर मारावी. माझा वर्ग शाळेत सगळ्यांत शांत म्हणून नावाजलेला होता तेव्हाची गोष्ट. मी दोन दिवस आजारी होते. परत आले तर शेजारच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या, "तुमच्या पोरांनी छप्पर उडवलं हो!" मला मुलांचा राग आला. खरं तर त्या दोन दिवसांत उघडं पडलं होतं ते माझंच काम. ती शांतता माझ्या मालकीची होती, मी गेले तेव्हा माझ्याबरोबर निघून गेली.

लेविनच्या दुसऱ्या म्होरक्याला लोक सरसकट प्रेमळ समजतात. मला तो प्रेमळपेक्षा काटेकोर वाटतो. काम कुठे जाणार आहे हे त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं. पुढचं दिसत असेल तरच पुढचं पाऊल स्वतः टाकता येतं. पहिल्या म्होरक्यानं मुलांना आराखडाच दिला नव्हता, दिली होती ती एकेक आज्ञा. आपल्या वर्गांतही ज्याला आपण शिस्त म्हणतो त्यात आराखडा किती आणि आज्ञा किती, हे एकदा वेगळं काढून बघावं. "आता वही काढा. आता पान उघडा. आता लिहा. आता थांबा." माझा निम्मा तास यात जायचा, आणि मी त्याला वर्गनियंत्रण म्हणायची.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. नव्यानं पटलेल्या माणसाचा उत्साह म्हणा. एका वर्षी विज्ञानाचा प्रकल्प द्यायचा होता. मी जाहीर केलं, "विषय तुमचा, पद्धत तुमची, जोडीदार तुमचे. महिन्याभरानं मला दाखवा." मुलांनी टाळ्या वाजवल्या. महिन्यानंतर टेबलावर सात ज्वालामुखी उभे होते, सातही खायचा सोडा आणि व्हिनेगरचे. त्यातल्या एकाही मुलाला फेस का येतो हे सांगता आलं नाही. चार प्रकल्प देखणे होते, इतके की त्यांवर मोठ्या माणसांचं हस्ताक्षर ओळखू येत होतं. एका गटातलं सगळं काम एकाच मुलीनं केलं होतं आणि ती उरलेल्या तिघांशी बोलत नव्हती. आणि एक मुलगा महिनाभर रोज कोरा कागद घेऊन बसला होता. मी विचारलं तर म्हणाला, "बाई, काय करायचं ते सुचलंच नाही." मी त्याला मोकळेपणा दिला असं समजत होते. त्याच्या दृष्टीनं मी त्याला टाकून दिलं होतं.

या अनुभवातली एक बाजू अजूनही पुरेशा मोठ्यानं बोलली जात नाही. बिनआराखड्याची मोकळीक सगळ्यांना सारखी मिळत नाही. ज्याच्या घरी विचारायला कुणी आहे, पुस्तकं आहेत, "असं करून बघ" म्हणणारं माणूस आहे, त्याला वर्गातला आराखडा नसला तरी चालतं, कारण त्याला तो घरी मिळतो. ज्याच्या घरी यातलं काही नाही, त्याच्यासाठी शिक्षकानं हात काढून घेणं म्हणजे शाळेनंच हात काढून घेणं. ते चार देखणे प्रकल्प आणि तो कोरा कागद यांतलं अंतर बुद्धीचं नव्हतं. मी गुण देऊन त्या अंतरावर शिक्का मारला, एवढंच. मोकळ्या शिक्षणाबद्दल उत्साहानं बोलणाऱ्यांनी हे आधी डोळ्यांसमोर आणावं. मलाही कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

मात्र यावरून शिस्तवाल्यांनी हरखून जायचं कारण नाही. कडक वर्गाचा तोटाही याच मुलाला सर्वांत जास्त होतो. घरी मतं मांडायला मिळणारं मूल शाळेत गप्प बसवलं तरी स्वतः ठरवायला कुठेतरी शिकतंच. ज्याला फक्त शाळेतच ते शिकता आलं असतं, त्याला आपण बारा वर्षं आज्ञा पाळायला शिकवतो आणि मग बाहेर पडताना म्हणतो, याच्यात पुढाकार नाही.

मदत किती वेळ धरून ठेवायची, यावर अभ्यासकांनी काम केलेलं आहे. २००६ साली पॉल किर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क यांनी एक गाजलेला लेख लिहिला. नवख्या विद्यार्थ्याला मार्गदर्शनाशिवाय शोधायला सोडलं तर त्याची सगळी ताकद चाचपडण्यातच जाते, असं त्यांचं म्हणणं. माणसाच्या चालू स्मरणात एका वेळी मोजक्याच गोष्टी मावतात. त्या चाचपडण्यानं भरल्या की शिकायला जागा उरत नाही. माझा ज्वालामुखीचा महिना त्यांनी पाहिला असता तर मान डोलावली असती. पण याच स्वेलरांचं सहकाऱ्यांबरोबरचं २००३ सालचं दुसरं काम तितकं गाजलं नाही. नवख्याला ज्या पायरीपायरीच्या मदतीचा फायदा होतो, त्याच मदतीचा सरावलेल्याला अडथळा होतो. त्याला जे आधीच येतं ते पुन्हा वाचावं लागतं, आपल्या पद्धतीशी जुळवावं लागतं. म्हणजे मदत चांगली की वाईट हे मदतीकडे बघून ठरत नाही. कालपर्यंतची चांगली मदत आजपासून जाच होते, आणि तो दिवस प्रत्येक मुलाचा वेगळा असतो.

गणिताच्या तासाला हे अगदी उघड दिसतं. ३क्ष + ५ = २० हे समीकरण घ्या. पहिल्या दिवशी मी ते पूर्ण सोडवून दाखवते: दोन्ही बाजूंतून ५ वजा, ३क्ष = १५, दोन्ही बाजूंना ३ ने भाग, क्ष = ५. दुसऱ्या दिवशी तसंच दुसरं समीकरण, पण शेवटची ओळ कोरी. मग शेवटच्या दोन. मग नुसतं समीकरण. मागून पुढे सोडत जायचं, म्हणजे मूल प्रत्येक वेळी ओळखीच्या वाटेनं चालत येतं आणि शेवटचं पाऊल स्वतः टाकतं. सगळ्यांची वाट मात्र सारखी नसते. दुसऱ्याच दिवशी एक मुलगी वैतागून म्हणाली, "बाई, वरच्या ओळी मला नको आहेत, मी तोंडी करते." तिला नुसती समीकरणं दिली. आणखी दोघांना आठवडाभर पूर्ण उदाहरणं लागली. ओळी सोडण्याचा प्रश्न असा उलटा माझ्याकडे आला: आता किती ओळी मी सोडू?

शिक्षणशास्त्रात या आधाराला परांचीची उपमा देतात. १९७६ साली डेव्हिड वुड, जेरोम ब्रुनर आणि गेल रॉस यांनी ती वापरली आणि तेव्हापासून ती प्रशिक्षणाच्या प्रत्येक भाषणात येते. मला परांचीपेक्षा स्लॅबखालचं सेंटरिंग जवळचं वाटतं. परांची कामगारासाठी असते, सेंटरिंग खुद्द स्लॅबचा भार पेलतं. काँक्रीट घट्ट व्हायच्या आत काढलं तर स्लॅब खाली येतो. आणि काढलंच नाही, तर त्या खोलीत टेकूंच्या जंगलात कुणी राहायचं? सेंटरिंग लावतानाच ते कधी काढायचं हे गवंड्याला माहीत असतं. आम्हा शिक्षकांच्या टाचणात आधार कसा द्यायचा याचे रकाने असतात. तो कधी काढायचा याचा रकाना मी अजून छापलेला पाहिला नाही.

मधल्या वर्गांत हे जास्त कळीचं होतं, कारण याच वयात शाळा आणि मूल विरुद्ध दिशांनी चालू लागतात. जॅकलिन एकल्स, कॅरल मिजली आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात मिशिगनमध्ये मुलांचा प्राथमिक शाळेतून पुढच्या शाळेत जाण्याचा काळ अभ्यासला. वरच्या वर्गात गेल्यावर मुलांना स्वतः ठरवायच्या संधी वाढण्याऐवजी कमी झाल्या होत्या. शिक्षक जास्त नियंत्रण ठेवत होते, आणि नेमक्या त्याच काळात मुलांना जास्त निर्णय हवे होते. आपण याला "आडनिडं वय" म्हणून मोकळे होतो. बारा वर्षांच्या मुलाला सहा वर्षांच्या मुलापेक्षा कमी विश्वासानं वागवलं आणि ते चिडलं, तर यात वयाचा दोष किती?

वयाचा काही भाग आहेच, तो नाकारून चालणार नाही. या वयात मित्र बघतायत म्हटलं की चांगली समजूतदार पोरं भलतंच काहीतरी करून बसतात. आवर घालणारा मेंदूचा भाग पक्व व्हायला विशी उलटावी लागते. म्हणूनच "जोडीदार तुमचे तुम्ही निवडा" ही मोकळीक मी सर्वांत शेवटी देते. विषय निवडणं सोपं असतं. मित्राला "तू काम करत नाहीस" असं तोंडावर सांगणं मोठ्या माणसांनाही जमत नाही.

ज्वालामुखीनंतरच्या वर्षी मी प्रकल्प पुन्हा दिला. या वेळी बरंच काही मी ठरवलं. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर याच शाळेत पट्टी, घड्याळ, तापमापी किंवा वजनकाटा वापरून मोजता येईल. मोजमाप किमान पाच वेळा घ्यायचं. दर सोमवारी एका पानावर तीन ओळी: काय केलं, काय अडलं, पुढे काय. गट मी पाडले. प्रश्न मात्र पूर्णपणे त्यांचा, आणि एकदा मान्य झाल्यावर मी त्यात लुडबुड करायची नाही, असं मी त्यांच्यासमोर कबूल केलं. मर्यादा ऐकून टाळ्या पडल्या नाहीत. पण आठवड्याभरात प्रत्येकाकडे प्रश्न होता. एका मुलीनं खिडकीजवळच्या आणि दाराजवळच्या बाकांवरचं तापमान दिवसातून तीनदा मोजलं आणि त्या आकड्यांच्या जोरावर माझ्याकडे बाकं बदलून मागितली. द्यावी लागली.

शेवटच्या बाकावरचा, आधीच्या वर्षी ज्याच्यावर मी दोनदा ओरडले होते तो मुलगा, कागद घेऊन आला. त्यावर लिहिलं होतं: "बाई प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी किती वेळ थांबतात?" मी वाचलं आणि म्हटलं, "हे कसं मोजणार?" त्यानं मनगटावरचं घड्याळ दाखवलं. नाही म्हणायची फार इच्छा झाली. पण अट मीच घातली होती: याच शाळेत मोजता येणारा प्रश्न.

तीन आठवडे तो मागे बसून मोजत होता. त्यानं चाळीस नोंदी केल्या. बहुतेक ठिकाणी एक सेकंद, फार तर दोन. त्याच्या तक्त्यात आणखी एक रकाना होता, जो मी सांगितला नव्हता: उत्तर कुणी दिलं. पहिल्या तीन बाकांवरची पाचच नावं त्यात फिरून फिरून येत होती. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन अभ्यासिकेनं १९७०च्या दशकात विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती तपासून हेच दाखवलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण सेकंदभर थांबतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबले की उत्तरं लांब होतात, एरवी न बोलणारी मुलं बोलतात, "माहीत नाही" कमी होतं. हे मी प्रशिक्षणात ऐकलं होतं, वहीत लिहूनही घेतलं होतं, वर्गात कधी केलं नव्हतं. त्या मुलाचा तक्ता भिंतीवर लागला तेव्हा करावं लागलं. तीन सेकंद फार लांब असतात. पहिल्या दिवशी मला वाटलं की वर्गातलं घड्याळ बंद पडलंय.

आता जरा संकोचाचा विषय. तेरा वर्षांच्या मुलामुलींना लघवीला जायची परवानगी चारचौघांत हात वर करून मागायला लावणं ही मला आता लाजिरवाणी गोष्ट वाटते. कितीतरी मुली ती मागावी लागू नये म्हणून दिवसभर पाणी पीत नाहीत. आम्ही दाराजवळ खिळ्याला एक लाकडी पट्टी टांगली. पट्टी जागेवर असेल तर घ्यायची आणि जायचं. नसेल तर कुणीतरी बाहेर आहे, थांबायचं. मला विचारायचं नाही, माझं वाक्य मध्येच तोडायचं नाही. आधी दर तासाला चार-पाच वेळा वर्ग थांबायचा, ते बंद झालं. तिसऱ्या आठवड्यात एक जण पट्टी घेऊन गेला तो वीस मिनिटं आलाच नाही, मैदानावर सापडला. सहकाऱ्यांनी सांगितलं, "बघा, काढा आता ती पट्टी." पट्टी राहिली. त्या मुलाला मात्र पंधरा दिवस विचारून जावं लागलं, मग त्याचा हक्क परत मिळाला. एकानं गैरफायदा घेतला म्हणून सगळ्यांचं काढून घ्यायचं ही सवय आपल्यात इतकी मुरली आहे की तिला आपण नियम समजतो. आणि काढून घेतलेलं परत कधी मिळणार हे न सांगणं ही तिची जोडसवय.

नियम कोणत्या शब्दांत येतो यानंही फरक पडतो. १९८४ सालच्या रिचर्ड कोस्टनर, रिचर्ड रायन आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात लहान मुलांना रंगकाम करताना स्वच्छतेच्या मर्यादा घालून दिल्या होत्या. एका गटाला त्या हुकमाच्या सुरात सांगितल्या. दुसऱ्याला कारण देऊन, रंग पसरायला मजा येते हे मान्य करून. मर्यादा त्याच होत्या. पण हुकमाच्या गटातल्या मुलांचा रंगांतला रस कमी झाला, दुसऱ्यांचा टिकला. सातवीतली मुलं तर सूर लांबूनच ओळखतात. "कारण मी सांगते म्हणून" या उत्तरानं त्या क्षणापुरतं काम भागतं, आणि पुढच्या वेळी तेच पुन्हा सांगावं लागतं.

मोकळीकवाले समरहिलचं नाव घेतात. १९२१ साली ए. एस. नील यांनी सुरू केलेली, आज इंग्लंडमध्ये असलेली ही शाळा. तिथे तासाला बसायची सक्ती नाही. ते खरं आहे. पण तिथे शाळेची सभा भरते, मुलांचं आणि शिक्षकांचं मत सारखंच मोजलं जातं, आणि त्या सभेनं केलेल्या नियमांची यादी माझ्या शाळेच्या नियमांपेक्षा कितीतरी लांब आहे. जगातल्या सर्वांत मोकळ्या म्हणवल्या जाणाऱ्या शाळेला इतके नियम लागतात, याचं मला फार दिवस नवल वाटायचं. आता वाटत नाही.

आक्षेप येतो तो संख्येचा. पन्नास मुलांच्या वर्गात प्रत्येकाची ओळ कोण मोजत बसणार? बरोबर आहे, पन्नास जणांची सोमवारची पानं एका दिवसात वाचून होत नाहीत. मी रोज दहा वाचते. पण उरलेलं उत्तर उलट दिशेनं येतं. पन्नास मुलांचे सगळे छोटे निर्णय मी घेत होते तेव्हा मला शिकवायला वेळ नव्हता. एकवीस रेघांतल्या अठरा निर्णयांचा भार मुलांकडे गेला तर तो वेळ मलाच मिळतो. आधीचे पंधरा दिवस मात्र फार गोंधळाचे असतात. ते सोसायला शाळेची तयारी लागते, आणि खरी गाठ इथेच आहे.

कारण वर्ग तपासायला येणारे लोक दारातून डोकावतात तेव्हा कानानं तपासतात. आवाज नाही म्हणजे वर्ग चांगला. वह्या एकसारख्या म्हणजे शिक्षक मेहनती. पालकही शेजारच्या मुलाची वही आणून दाखवतात, "त्यात बघा कसं नीटनेटकं आहे." जोवर शिक्षकाचं कौतुक शांततेवर आणि वहीच्या समासावर अवलंबून आहे, तोवर मुलांना विचार करू देणं हा शिक्षकाचा खासगी छंद राहणार, आणि तो तपासणीच्या दिवशी बंद ठेवावा लागणार. मीही ठेवते. गेल्या तपासणीला आम्ही ती लाकडी पट्टी टेबलाच्या खणात लपवली होती. मुलांनीच सुचवलं.

वहीचे नियम मी आता चारावर आणले आहेत आणि ते दाराशी लावले आहेत. बाकीचं ज्याचं त्यानं. पहिले काही दिवस वह्या बघवत नव्हत्या. काही अजूनही बघवत नाहीत. गेल्या आठवड्यात एकानं फळ्याकडे बोट दाखवून विचारलं, "बाई, हे लिहून घेऊ का?" मी म्हटलं, "पुढे लागेल असं वाटतंय का तुला?" त्यानं फळ्याकडे पाहिलं, जरा विचार केला, "नाही" म्हणाला आणि पेन खाली ठेवलं. मंगळवारी त्याला नेमकं तेच लागलं. शेजारच्या बाकावरच्या मुलीची वही मागून घेतली, खाली मान घालून मधल्या सुट्टीत उतरवून काढलं. माझ्याकडे एकदा चोरून पाहिलं. मी डबा खात होते.